फॉरेन्सिक तज्ज्ञाची साक्ष आणि बायस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वादग्रस्त कागदपत्रं तपासतो, म्हणजे सह्या, हस्ताक्षर, खाडाखोड, आणि त्यावर कोर्टात साक्षही देतो. नवीन तज्ज्ञ, वकील, आणि कधीकधी ज्यांच्या घरातल्या माणसावर केस चालू आहे अशी मंडळी मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, काही उत्तरं लांबली आहेत, समजून घ्या.

बायस म्हणजे तज्ज्ञ विकला गेलाय असंच ना?

नाही. पैसे घेऊन खोटा रिपोर्ट देणं हा सरळ गुन्हा आहे आणि त्याबद्दल मी इथे बोलतच नाहीये. इथला बायस म्हणजे प्रामाणिक माणसाच्या नजरेला लागलेला कल. आपण पूर्वग्रह म्हणतो पण तो शब्द थोडा फसवतो, पूर्वग्रह म्हटलं की मनात कुणाबद्दल तरी अढी आहे असं वाटतं आणि इथे तशी अढी असायची गरजही नसते. केसमध्ये बाकी काय सापडलंय, कुठलं उत्तर आलं तर समोरचे सुटकेचा श्वास सोडतील, एवढं तज्ज्ञाला ठाऊक असलं की पुरे, अंधूक पुरावा त्याच बाजूला झुकलेला दिसायला लागतो. वाईट हे की ते झुकणं त्याचं त्याला जाणवत नाही, त्यामुळे तो शपथेवर "मी कुणाची बाजू घेतली नाही" म्हणतो तेव्हा तो मनापासून खरंच बोलत असतो. म्हणून "तुम्ही प्रामाणिक आहात का" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. "तुम्हाला काय काय माहीत होतं आणि ते कधी कळलं" हे विचारलं की मात्र बरंच काही हाती लागतं.

ठसा जुळतो किंवा जुळत नाही, यात मताचा प्रश्न येतोच कुठे?

ठसा स्वच्छ असेल तर फारसा येत नाही. पण घटनास्थळावरचा ठसा म्हणजे काही शाई लावून नीट उमटवलेलं बोट नसतं, अर्धवट असतो, घसरलेला असतो, एकावर एक पडलेला असतो, खालच्या पृष्ठभागाची नक्षी त्यात मिसळलेली असते. रेषा इथे फुटली का तिथे नुसता डाग आहे, हे माणूस डोळ्याने ठरवतो. किती खुणा जुळल्या म्हणजे पुरे, हेही शेवटी माणूसच ठरवतो. सही, बंदुकीच्या गोळीवरचे ओरखडे, बुटाचा ठसा, जळालेल्या घरातले डाग, मृत्यूचं कारण, मानसिक स्थिती, सगळीकडे तेच. स्कॉटलंडमध्ये एका महिला पोलीस अधिकाऱ्याचा ठसा खुनाच्या जागी सापडला असं तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं होतं आणि ती सुरुवातीपासून म्हणत होती की मी त्या घरात गेलेच नाही. त्या प्रकरणाची पुढे सार्वजनिक चौकशी झाली आणि २०११ च्या अहवालात शिफारस आली की बोटांच्या ठशांचा पुरावा हा यापुढे तज्ज्ञाचं मत म्हणूनच धरावा, सिद्ध वस्तुस्थिती म्हणून नाही.

खरंच घडलेलं एखादं उदाहरण सांगा ना, जिथे हुशार माणसं चुकली.

सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण २००४ चं आहे. माद्रिदमध्ये ११ मार्चला लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले, डिटोनेटर ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर स्पॅनिश पोलिसांना ठसा मिळाला आणि त्याचा फोटो अमेरिकेच्या एफबीआयकडे गेला. कॉम्प्युटरने त्यांच्या डेटाबेसमधून सगळ्यात जवळचे वाटणारे २० ठसे काढून दिले, त्यातला चौथ्या क्रमांकाचा ठसा ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा होता, ब्रँडन मेफिल्ड. एफबीआयच्या तीन अनुभवी तज्ज्ञांनी सांगितलं की ठसा त्याचाच. १३ एप्रिलला स्पॅनिश पोलिसांनी कळवलं की आमच्या मते जुळत नाही, तरी एफबीआय आपल्या मतावर ठाम राहिली. ६ मेला त्याला अटक झाली. पुढे बचाव पक्षाच्या मागणीवरून कोर्टाने चौथा, स्वतंत्र तज्ज्ञ नेमला आणि त्यानेही ठसा मेफिल्डचाच असं सांगितलं. त्याच सुमारास स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा म्हणून ओळखला आणि मेफिल्ड सुटला, दोन आठवडे आत काढून. नंतर सरकारने माफी मागितली आणि २० लाख डॉलरची भरपाई दिली.

आता यात नेमकं बिघडलं कुठे ते बघा, कारण "ते लोक निष्काळजी होते" असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. २००६ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्यात दिसतं की मेफिल्डचा ठसा खरोखरच बराचसा सारखा होता, डेटाबेस जितका मोठा तितकी जवळजवळ सारखा ठसा असलेली परकी व्यक्ती सापडण्याची शक्यता मोठी. एकदा दहाएक खुणा जुळल्या की तज्ज्ञांची नजर उलटी फिरली, म्हणजे मेफिल्डच्या ठशात जे दिसतंय ते पिशवीवरच्या अंधूक ठशात शोधायला लागले, आणि शोधलं की सापडतंच. जे जुळत नव्हतं त्याला दाब वेगळा, दोनदा स्पर्श झाला, अशी कारणं मिळत गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याने काय म्हटलंय हे माहीत होतं. आणि मेफिल्डने इस्लाम स्वीकारलाय, त्याने दहशतवादाच्या केसमधल्या एका माणसाचं मुलाच्या ताब्याचं प्रकरण चालवलंय, हे नंतर कळलं. अहवाल म्हणतो की पहिली चूक त्या माहितीमुळे झाली नाही, पण स्पेनने नाही म्हटल्यावरही पुन्हा नीट बघावंसं वाटलं नाही त्यात तिचा हात असावा. मला हा बारकावा फार महत्त्वाचा वाटतो, कारण कल दोनदा शिरला, एकदा बघताना आणि एकदा परत न बघताना.

एका केसवरून काय सिद्ध होतं? प्रयोग झालेत का?

झालेत, आणि पहिला चांगलाच गाजला. २००६ मध्ये इटिएल ड्रोर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांच्याच जुन्या केसमधले ठसे दिले, ज्यांवर त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी "जुळतात" असं मत दिलेलं होतं, आणि सांगितलं की हे ते मेफिल्डचे चुकीचे ठरलेले ठसे आहेत, पण तुम्ही तिकडे लक्ष न देता फक्त ठसे बघा. पाचपैकी तिघं म्हणाले जुळत नाहीत, एक म्हणाला सांगता येत नाही, आणि एकच आपल्या जुन्या मतावर राहिला. ठसे तेच, माणूस तोच, बदललं फक्त कानावर पडलेलं वाक्य.

माणसं पाचच होती, खरं आहे. पण नंतर इतर शाखांमध्येही तसंच दिसत गेलं. डीएनएबद्दल लोकांची समजूत असते की तिथे मशीन उत्तर देतं, तर एकाच माणसाचा भरपूर नमुना असेल तर जवळजवळ तसंच आहे, पण तीनचार जणांचं मिसळलेलं असेल तर मशीनने काढलेल्या आलेखातलं कुठलं शिखर खरं आणि कुठलं नुसता गोंगाट हे माणूस ठरवतो. ड्रोर आणि हॅम्पिकियन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका खऱ्या सामूहिक बलात्काराच्या केसमधला मिश्र नमुना १७ तज्ज्ञांना दिला, केसची काहीही माहिती न देता. मूळ केसमध्ये साथीदाराने संशयिताचं नाव घेतलेलं होतं आणि लॅबचं मत होतं की त्याला वगळता येत नाही. या १७ जणांपैकी तसं म्हणणारा एकच निघाला, १२ जण म्हणाले तो नाहीच, चार जण म्हणाले निष्कर्ष काढता येत नाही. एका वेळेस दोन गोष्टी दिसतात, एकाच नमुन्यावर तज्ज्ञांची मतं किती पसरतात, आणि माहिती हातात नसली की ती मूळ उत्तरापासून किती लांब जाऊ शकतात.

मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय, माझ्यावर असल्या गोष्टींचा परिणाम होत नाही.

रागावू नका, पण हे वाक्य जवळजवळ सगळेच म्हणतात. २१ देशांतल्या ४०३ फॉरेन्सिक तज्ज्ञांना २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विचारलं होतं. एकूण फॉरेन्सिक क्षेत्रात बायस चिंतेची गोष्ट आहे असं ७१ टक्क्यांनी मान्य केलं, स्वतःच्या शाखेबद्दल ५२ टक्क्यांनी, आणि स्वतःच्या निर्णयाबद्दल फक्त २६ टक्क्यांनी. मनाशी पक्कं ठरवलं की बायस बाजूला ठेवता येतो, असंही बहुतेकांना वाटत होतं. नाही ठेवता येत. आता गुलाबी हत्तीचा विचार करू नका असं म्हटल्यावर काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे. अनुभवाने नजर तयार होते, पण अपेक्षाही तयार होतात, कारण गेल्या शंभर केसमध्ये पोलिसांनी पाठवलेली सही बहुतेक वेळा बनावटच निघाली असेल तर एकशे एकावी उघडतानाच मन पुढे धावतं.

माझंच सांगतो. एकदा मृत्युपत्रावरची सही तपासायला आली, सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की पुतण्याच्या घरातून सहीची प्रॅक्टिस केलेले कागद मिळालेत. मायक्रोस्कोपखाली सही घेतली तर रेष थरथरलेली, शेवटच्या वळणावर पेन उचलून परत टेकवलेलं, सुरुवात बोथट, शाईचा ठिपका साचलेला. बनावट सहीत अशाच खुणा दिसतात, मी नोंदवहीत लिहून मोकळा झालो, "अनैसर्गिक कंप, संथ रेखाटन". नमुन्याच्या सह्या दहा वर्षं जुन्या होत्या, ठणठणीत हाताच्या. नशिबाने समोरच्या वकिलाने शेवटच्या काही महिन्यांतल्या सह्या मागवल्या, औषधांच्या पावत्यांवरच्या, आणि त्यात तोच कंप, तिथेच पेन उचललेलं, तसाच ठिपका. म्हाताऱ्याचा हातच तसा झाला होता. कंप मी बरोबर पाहिला होता, पण "अनैसर्गिक" हा शब्द त्या पत्रातून आला होता, कागदावरून नाही. रिपोर्ट जायच्या आधी हे घडलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सोबतचं पत्र मी स्वतः उघडत नाही.

मग तज्ज्ञाला काही सांगायचंच नाही का? काहीतरी माहिती तर लागतेच.

लागते. पण "ही माहिती या तपासणीसाठी लागते का" एवढंच विचारायचं. सही तपासताना माणसाचं वय, आजारपण, कुठल्या पेनाने आणि कशावर टेकून लिहिलं हे मला हवंच. आरोपीने कबुली दिली, त्याच्यावर आधी केस होती, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट असा आला, हे मला अजिबात नको, त्याने सहीतली एकही रेष बदलत नाही. बोटांच्या ठशाला तर याहूनही कमी लागतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचं गणित वेगळं, त्याला घटनास्थळ, औषधं, आधीचे आजार माहीत नसतील तर तो मृत्यूचं कारण सांगणार कसा, त्यामुळे त्याच्यावर सरसकट पट्टी बांधणं मूर्खपणाचं होईल.

म्हणून दुसरा उपाय येतो तो क्रमाचा. या पद्धतीला लिनियर सिक्वेन्शियल अनमास्किंग म्हणतात, आपण टप्प्याटप्प्याने उघडणं म्हणू. आधी फक्त घटनास्थळाचा पुरावा बघायचा, त्यात काय दिसतंय, काय स्पष्ट आहे, काय अंधूक आहे, हे लिहून सही-तारीख टाकायची, आणि मगच संशयिताचा नमुना उघडायचा. नमुना बघितल्यावर आधीच्या नोंदीत काही बदलावंसं वाटलं तर बदला, पण मूळ नोंद खोडायची नाही, शेजारी लिहायचं की हे नमुना पाहिल्यानंतर जोडलंय. मेफिल्डच्या केसमध्ये नेमकं हेच झालेलं नव्हतं, आणि पुढे एफबीआयनेही तुलनेआधी घटनास्थळाच्या ठशाचं विश्लेषण लिहून ठेवायचा नियम केला. डॉक्टरच्या बाबतीतही हेच चालतं, शरीरावर काय दिसलं ते आधी लिहा, मग पोलिसांची हकिगत वाचा, मग मत बनवा, आणि कुठल्या टप्प्यावर मत कुठे वळलं ते दिसू द्या.

जमेल तिथे आणखी एक करावं. एकट्या संशयिताचाच नमुना समोर न ठेवता त्यात इतर चारपाच जणांचे नमुने मिसळून द्यावेत. ओळखपरेडमध्ये एकाच माणसाला उभं करून "हाच का तो" असं आपण विचारत नाही, मग तज्ज्ञाला का विचारतो हे मला कधी कळलेलं नाही.

आमची लॅब छोटी आहे, दोनतीन माणसं, हे सगळं कोण करणार?

मोठ्या लॅबमध्ये केस मॅनेजर असतो, तो पोलिसांशी, वकिलांशी बोलतो, सगळे कागद वाचतो, आणि तपासणाऱ्याला हवं तेवढंच पुढे सरकवतो. छोट्या जागी तुम्ही दोघं एकमेकांचे केस मॅनेजर व्हा, तुझी पाकिटं मी उघडतो, माझी तू. एकटेच असाल तर मुद्देमाल पाठवणाऱ्यांना एक छापील फॉर्म द्या, त्यात तपासणीसाठी लागणारे रकाने वेगळे आणि "केसची हकिगत" वेगळ्या बंद पाकिटात. खर्च एका पाकिटाचा. आणि चुकून काही कळलंच, फोनवर तपास अधिकारी बोलून गेला, तर घाबरू नका, काय कळलं आणि किती वाजता कळलं ते वहीत लिहा आणि रिपोर्टमध्ये सांगा, बाकी कोर्ट बघेल.

दुसऱ्या तज्ज्ञाने तपासून सही केली की मग तर शंका नको?

त्याला पहिल्याचं उत्तर माहीत असेल तर शंका तशीच राहते, मेफिल्डच्या वेळी तीन काय चार सह्या होत्या. साहेबांनी "जुळतो" लिहिलेलं आहे आणि ज्युनियरने फक्त खाली सही करायची आहे, अशा तपासणीला मी तपासणी म्हणत नाही. दुसऱ्याला उत्तर दिसू देऊ नका, शक्य असेल तर कुणी तपासलं हेही कळू देऊ नका, आणि फक्त "जुळतो" वालेच नाही तर "जुळत नाही" आणि "सांगता येत नाही" हेही अधूनमधून पाठवा, नाहीतर फाईल आली म्हणजेच उत्तर कळलं. मतभेद झाला तर तो मिटवून एकच रिपोर्ट देऊ नये, मतभेद झाला हे लिहावं.

यापुढची पायरी म्हणजे अंध चाचणी. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फॉरेन्सिक सायन्स सेंटरने २०१५ पासून खऱ्या केसेसमध्ये खोट्या केसेस मिसळायला सुरुवात केली, तपासणाऱ्याला माहीत नसतं की ही चाचणी आहे, त्यामुळे तो रोजच्यासारखंच काम करतो आणि लॅबला स्वतःची खरी नाडी कळते. आज परीक्षा आहे हे माहीत असताना दिलेल्या परीक्षेत सगळेच जपून लिहितात.

ज्याने पैसे दिले त्याच्याच बाजूने तज्ज्ञ बोलतो, हे खरं आहे का?

दुर्दैवाने हेही तपासून पाहिलंय. मरी आणि बोकाचिनी या संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये शंभराहून जास्त फॉरेन्सिक मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांना तेच ते केस पेपर वाचायला दिले, फरक एवढाच की काहींना वाटत होतं आपल्याला सरकारी पक्षाने नेमलंय आणि काहींना वाटत होतं बचाव पक्षाने. सरकारी पक्षाकडून आहोत असं वाटणाऱ्यांनी आरोपीला जास्त धोकादायक ठरवणारे गुण दिले, दुसऱ्यांनी कमी. ज्या चाचणीत तज्ज्ञाच्या अंदाजाला जास्त वाव होता तिथे फरक जास्त, जिथे ठरलेल्या गोष्टी मोजायच्या होत्या तिथे कमी. सगळेच बदलले असं नाही, पण वकिलाशी जेमतेम एक भेट झालेली असताना एवढं होतं, तर महिनोन्‌महिने एकाच टीमबरोबर बसल्यावर काय होत असेल याचा विचार करा.

आणि पगारी सरकारी तज्ज्ञ यातून सुटत नाही बरं का. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एका बालरोग शवविच्छेदन तज्ज्ञाच्या चुकांमुळे अनेक आईबाप आणि सांभाळणारे आपल्याच मुलांच्या मृत्यूच्या आरोपात अडकले, २००८ च्या गूज आयोगाच्या अहवालात आलं की आपलं काम सरकारी पक्षाला मदत करणं आहे असंच त्याला सुरुवातीला वाटत होतं. "आपली टीम" हा शब्द तज्ज्ञाच्या तोंडात आला की मला धडकी भरते.

कोर्टानेच तज्ज्ञ नेमला तर प्रश्न सुटतो का?

पैशाचा कल कमी होतो, नजरेचा तसाच राहतो, मेफिल्डचा चौथा तज्ज्ञ कोर्टानेच नेमलेला होता हे विसरू नका. तरी काही पद्धती चांगल्या आहेत. इंग्लंडमध्ये १९९९ पासून दिवाणी दाव्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाशी आहे आणि ते पैसे देणाऱ्याशी असलेल्या बांधिलकीच्या वर आहे, शिवाय त्याला काय सूचना मिळाल्या त्याचा सारांश रिपोर्टमध्ये द्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी मिळून एकच तज्ज्ञ नेमायचीही सोय तिथे आहे. ऑस्ट्रेलियात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून साक्ष घेण्याची पद्धत रुजली, आधी दोघांनी मिळून लिहून द्यायचं की कुठे पटतं आणि कुठे पटत नाही, मग जज दोघांना समोरासमोर विचारतात. मला ही पद्धत आवडते, कारण समोर त्याच विषयातला माणूस बसलेला असताना कोणी वाढवून बोलायला धजत नाही.

साक्ष देताना कुठले शब्द टाळावेत?

इथे जरा थांबतो, कारण तपासणी अगदी नीट झाली तरी पिंजऱ्यात उभं राहिल्यावर दोन शब्दांत सगळं वाया जाऊ शकतं. "शंभर टक्के", "चूक होणं शक्यच नाही", "जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही", हे शब्द कुठल्याही शाखेत तपासणीतून येत नाहीत, आत्मविश्वासातून येतात. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ पासून आपल्या तज्ज्ञांना अशी विधानं करायची लेखी बंदीच घातली. त्याला कारणही तसं होतं, मायक्रोस्कोपखाली माणसाचे केस (हेअर) जुळवून दिलेल्या जुन्या साक्षी तपासल्या तेव्हा २०१५ मध्ये एफबीआयने मान्य केलं की बघितलेल्या साक्षींपैकी किमान ९० टक्के साक्षींमध्ये चुकीची विधानं होती आणि २८ पैकी २६ तज्ज्ञांच्या तोंडी ती होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोट खटल्यात तज्ज्ञाने सांगितलं होतं की आरोपींपैकी दोघांनी स्फोटकं हाताळल्याची ९९ टक्के खात्री आहे, १९७५ मध्ये सहा जणांना जन्मठेप झाली आणि १९९१ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. त्यांच्या हातांवर केलेली ती रासायनिक चाचणी स्फोटकांशिवाय साध्या वस्तूंच्या लेपामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकत होती.

आकडा दिला म्हणजे शास्त्रीय झालं असंही नाही. सॅली क्लार्क या इंग्लिश आईला १९९९ मध्ये दोन बाळांच्या खुनासाठी शिक्षा झाली, एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की अशा घरात दोन बाळांचा अचानक मृत्यू होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. हा आकडा आला कसा, तर एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं, म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, तेच आईवडील, तीच आनुवंशिकता, तरी दोन्ही मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध नाही असं गृहीत धरून. आणि गुणाकार बरोबर असता तरी ती शक्यता "आई निर्दोष असण्याची" नव्हती, कारण एका आईने दोन बाळांना मारणं हेही फार दुर्मिळ असतं आणि तुलना त्या दोन दुर्मिळ गोष्टींची करायला हवी होती. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीरपणे आक्षेप घेतला. २००३ मध्ये ती सुटली, त्यात शवविच्छेदन करणाऱ्याने प्रयोगशाळेचे काही निकाल उघड केले नव्हते हेही पुढे आलं. २००७ मध्ये ती गेली.

मग बोलायचं कसं? दोन्ही बाजू धरून. "ही सही त्याचीच आहे" असं म्हणण्याऐवजी, सही त्याची असेल तर मला दिसलेल्या गोष्टी दिसण्याची शक्यता किती, आणि दुसऱ्या कुणी नक्कल केली असेल तर किती, या दोन्हींची तुलना सांगायची. युरोपातल्या फॉरेन्सिक संस्थांच्या संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत हेच सुचवलंय. ऐकायला किचकट वाटतं पण फायदा मोठा आहे, "नसेल तर काय दिसलं असतं" हा प्रश्न तज्ज्ञाला स्वतःला विचारावाच लागतो. माझ्या मृत्युपत्राच्या केसमध्ये तो मी विचारलाच नव्हता.

वकिलाने एरर रेट, म्हणजे चुकांचं प्रमाण, विचारला तर काय सांगायचं?

शून्य सांगायचं नाही. ठशांचं उदाहरण घ्या, एफबीआयच्या सहभागाने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६९ तज्ज्ञ होते, चुकीने "जुळतो" म्हणायचं प्रमाण ०.१ टक्का आलं आणि चुकीने "जुळत नाही" म्हणायचं ७.५ टक्के. असा अभ्यास तुमच्या शाखेत असेल तर आकडा द्या आणि तो कुठल्या परिस्थितीतला आहे तेही सांगा, नसेल तर "माझ्या शाखेत असा विश्वासार्ह आकडा उपलब्ध नाही" हे सरळ सांगा. "माझी एकही केस चुकीची ठरलेली नाही" हे उत्तर नव्हे, कारण बहुतेक केसमध्ये खरं काय होतं हे आपल्याला कधी कळतच नाही.

मी वकील आहे, उलटतपासणीत नेमकं काय विचारू?

तज्ज्ञावर चिखलफेक करू नका, तो चिडेल आणि कोर्टाला त्याचीच दया येईल. त्याची मूळ नोंदवही मागवा, टाईप केलेला रिपोर्ट नव्हे, हाताने लिहिलेली वही, तारखांसकट. मुद्देमालासोबत आलेलं पत्र मागवा. घटनास्थळाचा पुरावा आधी पाहिला का नमुना, मधे नोंद केली का, तपास अधिकाऱ्याशी फोनवर किती वेळा बोलणं झालं, दुसऱ्या तपासणाऱ्याला उत्तर माहीत होतं का, कुठली दुसरी शक्यता तपासली आणि ती कशावरून सोडली, पहिल्या ड्राफ्टमध्ये वेगळं काही होतं का. प्रश्न साधे आहेत, पण ज्याने काम नीट केलंय तो यांची उत्तरं आनंदाने देतो, मी तर वाटच बघत असतो कुणीतरी विचारेल म्हणून.

रिपोर्टचा ड्राफ्ट वाचून वकील म्हणतात "हे वाक्य जरा स्ट्राँग करा". करू का?

भाषा सोपी करा, शुद्धलेखन दुरुस्त करा, मत हलवू नका. मी असे बदल ईमेलवरच मागतो, तोंडी नाही, आणि ईमेल फाईलला लावतो. दोनतीनदा असं केलं की परत कुणी सांगत नाही.

बायस निघाला म्हणजे सगळा रिपोर्ट कचऱ्यात का?

तसं नाही. तपास अधिकाऱ्याने काही सांगितलं होतं एवढ्यावरून निष्कर्ष चुकीचा ठरत नाही, फक्त त्याच्यावर किती भार टाकायचा ते बदलतं. पुरावा स्पष्ट असेल तर कल फार काही करू शकत नाही, अंधूक असेल तर खूप करतो. शक्य असेल तर सरळ मार्ग म्हणजे तोच पुरावा कुठलीही हकिगत न सांगता दुसऱ्या तज्ज्ञाला द्यावा आणि बघावं काय येतं.

रिपोर्ट देऊन झालाय, आता वाटतंय की आपण झुकलो होतो. काय करू?

हा प्रश्न लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात, बऱ्याचदा बाकी सगळे गेल्यावर. आजच कळवा. इंग्लंडच्या कोर्टाने १९९३ मध्ये एका जहाजाच्या विम्याच्या दाव्यात तज्ज्ञाची कर्तव्यं नीट मांडून ठेवलीत, त्यात हे आहे की रिपोर्ट दिल्यावर मत बदललं तर विनाविलंब दुसऱ्या बाजूला कळवायचं आणि गरज असेल तिथे कोर्टालाही. पुरवणी रिपोर्ट लिहा, लहान चालेल, आधी काय म्हटलं होतं, आता काय वाटतं, आणि मधे काय बदललं, एवढंच. मी असा एक दिलाय, पाऊण पानाचा. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाने तो वाचून दाखवला, विचारलं की म्हणजे तुम्ही चुकला होतात ना, मी हो म्हणालो, आणि जजसाहेबांनी ते उत्तर जसंच्या तसं नोंदवून घेतलं.